वत्सगुल्म म्हणावे की वच्छोम?
(अद्‌भुत कादंबऱ्यांतील प्राचीन नावांचे उच्चार)

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली छापून आली, तेव्हा त्यांतली नावे कशी उच्चारायची हा प्रश्न कोणाला पडला नसणार. नावे संस्कृत, लिपी देवनागरी आणि वाचणारा पंतोजींच्या हाताखालून गेलेला. पुढे १९१३ मध्ये नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला आणि घराघरांत मोठ्याने वाचला गेला, तरी कोणी नावाशी अडखळला असेल असे वाटत नाही. अद्‌भुत कथा कितीही दूरच्या राज्यात घडो, तिथल्या राजपुत्राचे नाव मात्र आपल्या ओठांना ओळखीचे असे.

आज ही सोय राहिलेली नाही. अद्‌भुत कथा वाचणारी आजची मुले टोल्कीन, रोलिंग वाचून या वाटेला आलेली असतात. अमीश यांची मेलुहाची पहिली कादंबरी २०१० साली इंग्रजीत आली आणि मग भारतीय भाषांत गेली. नावे सुमेरमधली, ग्रीसमधली, इजिप्तमधली आणि गंमत म्हणजे आपल्या महाराष्ट्रातलीही, पण सगळी रोमन लिपीचा फेरा मारून परत आलेली. परक्या नावांचे एक वेळ सोडून देऊ. आपल्या दाराशी असलेल्या गावाचे दोन हजार वर्षांपूर्वीचे नाव आपण इंग्रजीवरून शिकतो आणि वाकडे शिकतो, याचे काय करायचे?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो एका यादीच्या रूपाने. मी कळमनुरी तालुक्यात बरीच वर्षे मराठी शिकवले. माझा एक जुना विद्यार्थी सध्या कादंबरी लिहितो आहे. चौथ्या शतकातले वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, तिथला वाकाटकांचा दरबार, नागकुळातली एक मुलगी आणि हरवलेले एक काव्य. जादूटोणाही भरपूर आहे. पुस्तक छापण्याआधी त्याचे ध्वनिमुद्रण होणार होते आणि वाचणाऱ्या पुण्याच्या बाईंनी त्याला निरोप दिला होता की नावांचे उच्चार आधी पक्के करून पाठवा. तो नांदेडहून येणार, मी कळमनुरीहून. म्हणून आम्ही वारंगा फाट्यावर भेटलो. फाट्याची खिचडी प्रसिद्ध आहे, तिच्याबद्दल वेगळे सांगायला नको. खिचडी येईपर्यंत त्याने कागद पुढे केला. त्रेचाळीस नावे, सगळी रोमन अक्षरांत. संशोधन इंग्रजी पुस्तकांतून केलेले. “सर, वाचून दाखवतो, चुकलं तिथं थांबवा,” म्हणाला आणि वाचू लागला: वाकाटाका, प्रवरसेना, नहापना, नयनिका.

प्रवरसेना ऐकल्यावर मी त्याला थांबवले. प्रवरसेन हा राजा. प्रवरसेना म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे सैन्य नाही तर राजकीय पक्ष उभा राहणार.

दोष मुलाचा नाही. रोमन लिपीत अ आणि आ यांना एकच अक्षर. विद्वान लोक दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात, पण ती रेघ कादंबऱ्यांत, वर्तमानपत्रांत, फोनवर गळून पडते. मग अशोकाचा ‘अशोका’ होतो (२००१ सालच्या हिंदी चित्रपटाने तर तो पडद्यावर कायमचा केला), योगाचा ‘योगा’ होतो, कर्णाचा ‘कर्णा’. आमच्या भागात हे रोज पाहायला मिळते. बाहेरून आलेला ड्रायव्हर पाटीवरचे इंग्रजी वाचून कळमनुरीला ‘कालामनुरी’ म्हणतो आणि वारंग्याला ‘वरांगा’. वसमत कागदोपत्री कैक वर्षे ‘बसमत’ होते, वाशीम तर इंग्रजी अमदानीत ‘बासिम’. त्यामुळे वाशीमला सापडलेला वाकाटकांचा ताम्रपट इंग्रजी ग्रंथांत अजूनही बासिमचा ताम्रपट म्हणून ओळखला जातो.

तो ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे सगळे लेख १९६३ साली एका खंडात एकत्र केले, त्यातही ते आहे. दान दिलेले गाव ‘नांदीकडाच्या उत्तरमार्गात’ होते असे त्यात म्हटले आहे. नांदीकड म्हणजे नांदेड. मार्ग हा शब्द इथे मुलखाच्या विभागासाठी आलेला आहे, नुसत्या रस्त्यासाठी नव्हे. तरीही नांदेडहून उत्तरेला अर्धापूर, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली करत वाशीमला जाणाऱ्या एसटीत बसले की मला तो शब्द आठवल्याशिवाय राहत नाही.

उच्चारांच्या दृष्टीने या ताम्रपटातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्याची भाषा. राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. दान दिलेल्या गावाचे नाव ‘आकासपद्द’ असे आहे. त्यातला आकाश कधीच ‘आकास’ झालेला आहे. दान घेणाऱ्या ब्राह्मणांच्या नावांना ‘अज्ज’ हे शेपूट आहे. अज्ज म्हणजे आर्य, आणि आपला ‘आजा’ही त्याच शब्दाच्या घरातला. म्हणजे बापजाद्यांची नावे घ्यायची तेव्हा संस्कृत आणि जमीन मोजून द्यायची वेळ आली की लोकांची भाषा. कचेरीत आजही असेच चालते.

मग आपल्या कादंबरीकाराने राजधानीला काय म्हणायचे? वत्सगुल्म हे संस्कृत नाव. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त तेच नाव प्राकृतात ‘वच्छोम’ म्हणून येते आणि तिथल्या काव्यशैलीला ‘वच्छोमी’ म्हटले जाते. वत्सचा वच्छ झाला, गुल्मचा गुम्म, दोन स्वरांमधला ग विरघळला आणि वच्छ-उम्मचे वच्छोम झाले. पुढची पायरी आपल्या मराठीची. प्राकृतातला च्छ मराठीत येताना स होतो: मच्छचा मासा, वच्छरूवचे वासरू. आणि त्या सच्या पुढे इ-ई आली की श होतो. मक्षिका, मच्छिआ, माशी. वाशीममधला श हा माशीतला श आहे. वाशीमच्या माणसाने रागावू नये, पण व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचे गाव आणि वासरू हे एकाच गोठ्यातले.

मी त्याला सुचवले ते असे. दरबारात, शपथेत, ताम्रपटात, मंत्रात वत्सगुल्म. बाजारात, घरात, वाटेवरच्या बोलण्यात वच्छोम. यात नवीन काही नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, राणी आणि विदूषक प्राकृत बोलतात, आणि गाणे म्हणायचे झाले तर ते महाराष्ट्रीत. प्रेक्षकाला दोन्ही कळत. वत्सगुल्म शाखेचा मूळपुरुष सर्वसेन याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य लिहिले होते, तेही प्राकृतात. आज ते उपलब्ध नाही, इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांतून त्याची ओळख होते. (माझ्या विद्यार्थ्याच्या कादंबरीत चोरीला जाते ते हेच काव्य.) जो राजा कविता प्राकृतात करत होता, त्याला घरचे लोक सर्वसेन म्हणत असतील की सव्वसेण? मला तरी सव्वसेण म्हटलेले ऐकू येते.

सातवाहनांच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही, कारण त्यांचे लेख जवळजवळ सगळे प्राकृतातच आहेत. ज्याला आपण कृष्ण सातवाहन म्हणतो तो नाशिकच्या लेण्यात ‘कन्ह’ आहे. आपल्या कान्ह्याचा हा चुलता. गौतमी बलश्री ही तिच्याच नातवाच्या राज्यात कोरलेल्या लेखात ‘गोतमी बलसिरी’ आहे. श्रीसातकर्णी हा ‘सिरि सातकणि’. आता कोणी म्हणेल की दगडावर कोरणाऱ्याला संस्कृत येत नव्हते. पण ‘सिरि’ला समुद्रापलीकडचा साक्षीदार आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा भूगोलकार टॉलेमी पैठणची नोंद ‘बैठाना’ अशी करतो आणि ती कोणाची राजधानी हे सांगताना जे नाव लिहितो ते ‘सिरि-पोलेमाइओस’ असे वाचले जाते. हा म्हणजे सिरि पुळुमावि. टॉलेमीचे स्वतःचे ग्रीक नाव प्तोलेमाइओस. त्याला पुळुमावि ऐकून आपल्या नावाचाच भास झाला असावा. ते असो. पण ‘सिरि’ त्याने जसेच्या तसे टिपले. व्यापाऱ्यांच्या तोंडून जे त्याच्यापर्यंत पोचले ते श्री नव्हते.

(पुळुमाविमधला ळ माझा नाही, लेखांतलाच आहे. कुठे पुळुमावि, कुठे पुळुमायि. इंग्रजीत तो ल होतो आणि तिथून मराठीत परत येताना ‘पुलुमावी’ होतो. ज्या भाषेकडे ळ आहे तिने तो परक्याच्या सोयीसाठी का टाकावा?)

परक्या लिपीची साक्ष काढणे ही या अभ्यासातली जुनी आणि भरवशाची युक्ती आहे. इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. आपण ‘नेफरतारी’ म्हणतो त्यातले बरेच स्वर अभ्यासकांनी वाचनाच्या सोयीसाठी घातलेले आहेत. पण हित्ती राजांच्या राजधानीत मातीच्या विटा सापडल्या, त्यांवर कीलाकार लिपीत इजिप्तच्या राजघराण्याशी झालेला पत्रव्यवहार होता, आणि त्या लिपीत स्वर लिहितात. तिथे ती राणी ‘नप्तेरा’ आहे आणि दुसरा रामसेस हा ‘रिआमाशेशा’. इजिप्तवरच्या अद्‌भुत कथांत हे उच्चार कोणी वापरत नाही, पण ज्याला वापरायचे त्याला पुरावा हाताशी आहे.

आपल्याकडे असा पुरावा खिशातल्या नाण्यावर आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षहरात राजा नहपान याची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. इतिहासाच्या पुस्तकांत हा साठा नहपानाच्या पराभवाचा पुरावा म्हणून येतो. मला तो आणखी एका कारणासाठी प्रिय आहे. नहपानाच्या नाण्यांवर तीन लिप्या आहेत: ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक. ग्रीक अक्षरांत ग्रीक भाषा नाही, आपले प्राकृतच आहे.

त्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली जोडाक्षरांची. जुन्या ब्राह्मीत प्राकृत लिहिताना द्वित्त लिहायची पद्धत नव्हती. ‘राजाचा’ या अर्थाचा शब्द ब्राह्मीत ‘रञो’ असा एकेरी लिहिलेला असतो. नहपानाच्या नाण्यावर ग्रीक अक्षरांत तोच शब्द दोन न घालून लिहिला आहे, ‘रन्निओ’. म्हणजे लिहायचे रञो आणि म्हणायचे रञ्ञो. हा नियम एकदा ध्यानात आला की दगडावरची कितीतरी नावे बोलू लागतात. ‘गोतमिपुत’ असे कोरलेले असले तरी म्हणायचे गोतमिपुत्त. ‘सातकणि’ लिहिले तरी सातकण्णि, म्हणूनच तर संस्कृतात तो सातकर्णी झाला. चंद्रगुप्ताला ग्रीकांनी ‘सांद्रोकोत्तोस’ केले, त्यातही दोन त आहेत: गुत्त. माझ्या विद्यार्थ्याने यादीत ‘गोतमिपुत’ लिहिले होते आणि त्याला ते भूत, पूत यांच्या चालीवर म्हणायचे होते. कादंबरीतला सेनापती ‘पूत’ म्हणून हाक मारतो तेव्हा तो लखनौचा वाटतो. पुत्त म्हटले की मुलूख बदलतो.

दुसरी गोष्ट अकाराची, आणि मराठी माणसाच्या जिभेला हीच सर्वांत जड जाते. आपण शेवटचा अ बोलत नाही, मधलेही पुष्कळ गिळतो. सातवाहन लिहितो आणि ‘सात्वाहन्’ म्हणतो. प्रवरसेनचा ‘प्रवर्सेन्’, नहपानचा ‘नह्पान्’. नाण्यावरच्या ग्रीक अक्षरांत नहपानच्या हनंतर अ लिहिलेला आहे. न, ह, पा, न: सुटी सुटी चार अक्षरे. निदान मधला अ गिळायचा नाही, याला त्याच्याच टांकसाळीचा दाखला आहे.

शेवटच्या अकाराचे काय? इथे दोन्ही बाजूंनी घसरण आहे. अ गिळला तर नाव आखूड होते आणि ठासून म्हटला तर ‘प्रवरसेना’ होते. मधली वाट सांगायला मी त्याला ध्वनिशास्त्राचे पुस्तक दिले नाही, नर्सीच्या कीर्तनाची आठवण करून दिली. नामदेवांचे नर्सी आमच्याच जिल्ह्यात. अभंगाचे चरण अक्षरे मोजून होतात आणि मोजताना शेवटचा अ पूर्ण अक्षर म्हणून धरतात. म्हणणारा तो अ हलका सोडतो. गिळत नाही आणि आ करत नाही. ज्याचे बालपण हिंगोली-नांदेडकडच्या सप्ताहांत गेले त्याच्या कानात हा अ असतोच, फक्त तो पोथीबाहेर वापरायची सवय नसते. त्याने तिथल्या तिथे ‘प्रवरसेन’ पाच अक्षरांत म्हणून दाखवले, टाळ वाजवल्यासारखे बोट टेबलावर आपटत.

नामदेवांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची पदे आहेत आणि तिथे त्यांचे नाव ‘नामदेउ’ असे येते. हा शेवटचा उ पंजाबची हौस नव्हे. अपभ्रंशात आणि जुन्या मराठीत कर्त्याच्या नावाला असा उकार लागत असे. आमच्या गावाकडच्या माणसाच्या नावाचा हा शेवट गुरुमुखीत शाबूत राहिला, आणि इथे आम्ही आधी उ सोडला, मग त्या जागी आलेला अही. यादवकाळात घडणारी अद्‌भुत कादंबरी कोणी लिहिणार असेल तर हाका मारण्याच्या प्रसंगी हा उ फार कामाला येईल.

अकारामुळे होणारी सर्वांत मोठी फजिती हाल राजाची. ‘गाथासप्तशती’ संकलित करणारा हा सातवाहन. मराठीत ‘हाल राजाच्या दरबारात’ असे वाक्य वाचले की वाचणारा बिचारा कोणाचे हाल झाले हे शोधू लागतो. प्राकृतात कर्ता म्हणून तो ‘हालो’ आहे. कादंबरीत त्याला हालो म्हणायला काहीच हरकत नाही. आधुनिक कानाला तो टेलिफोन उचलल्यासारखा वाटेल, पण हालअपेष्टांपेक्षा बरे.

नावात जेव्हा स्वतः प्राकृतालाही न पेलणारा आवाज असतो तेव्हा काय करायचे, याचे उत्तर क्षत्रपांच्या लेखकूंनी दिलेले आहे. चष्टन हा उज्जैनचा क्षत्रप, टॉलेमीचा ‘तिआस्तानेस’. त्याच्या बापाचे नाव लेखांत ‘य्सामोतिक’ असे कोरलेले आहे. यला स जोडलेला. हे विचित्र जोडाक्षर पाहून यादीतल्या नावासमोर माझ्या विद्यार्थ्याने तीन प्रश्नचिन्हे काढली होती. ब्राह्मीत त्या शकांच्या झ साठी अक्षर नव्हते, म्हणून कोणा हुशार लेखकूने य आणि स एकत्र करून नवे चिन्ह बनवले. उच्चार झामोतिक, झ मात्र झाडाचा नाही, ‘जमीन’मधल्या फारशी जचा. मराठी माणसाला हा आवाज परका नाही. ‘जहाज’, ‘बाजार’मधला ज आपण तसाच काहीसा म्हणतो. हिंदी वाचकाला नुक्ता द्यावा लागतो, आपल्याला फक्त सांगावे लागते. उलट चष्टन म्हणताना ‘चमचा’मधला च नको, ‘चंद्र’मधला हवा. ग्रीकाने तो ‘ति’ने दाखवायचा प्रयत्न केला आहे, आणि ‘ति’ला जवळचा च तालव्यच.

मेलुहाचेही असेच आहे. हे नाव मेसोपोटेमियाच्या विटांवर आहे. अक्कडचा सारगोन मेलुहाची जहाजे आपल्या धक्क्याला लागल्याचे सांगतो, ती चार हजार वर्षांहून जुनी गोष्ट. विटेवरची अक्षरे मे-लुह्-हा अशी आहेत, आणि तो ह आपला हरीतला ह नाही. घशातून घासून येणारा, ‘खबर’ फारशी वळणाने म्हणावे तसा, शिवाय दुहेरी. मेलुख्खा म्हटले तर मूळच्या बरेच जवळ जाऊ. कादंबरीमुळे मेलुहा रूढ झाले आहे आणि आता ते बदलायचा आग्रह मी धरणार नाही. रूढ झालेल्या उच्चाराला कादंबरीच्या जगात हक्क असतो. हर्मायनी हे मूळचे ग्रीक नाव, ग्रीकात ‘हेर्मिओनी’च्या जवळपास, पण रोलिंगने २००० सालच्या चौथ्या पुस्तकात खुद्द त्या मुलीकडूनच एका परदेशी पाहुण्याला इंग्रजी उच्चार शिकवला आहे. लेखिकेनेच निकाल दिल्यावर होमरला विचारायला जाऊ नये.

टोल्कीनने याहून पुढचे काम केले. तो जुन्या भाषांचा प्राध्यापक. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा शेवटचा भाग १९५५ साली आला, त्याच्या परिशिष्टांत त्याने उच्चारांची पाने जोडली. त्याच्या नावांतला रोमन सी नेहमी क म्हणून वाचायचा: केलेबॉर्न, किर्दान. सेलेबॉर्न, सिर्दान म्हणणाऱ्या इंग्रजांना तो तिथे सरळ दुरुस्त करतो. मराठी अनुवादकाने एकदा देवनागरीत क लिहिला की आपल्या वाचकाला प्रश्नच उरत नाही. हे आपल्या लिपीचे सुख आहे आणि आपण ते वापरत नाही, एवढीच माझी तक्रार. मराठी कादंबरीच्या मागे उच्चारांचे एक पान देण्याची पद्धत अजून पडलेली नाही. शब्दकोड्याएवढी जागा लागेल.

काही बाबतींत मात्र मी हात आवरता घेतला. ऋ आपण रु म्हणतो, हिंदीवाले रि म्हणतात. ज्ञ आपण द्न्य म्हणतो, ते ग्य. मूळ उच्चार दोघांकडेही नाही. यज्ञश्री सातकर्णीला वाचणाऱ्या बाई ‘यद्न्यश्री’ म्हणणार, म्हणू देत. त्या मराठी बाई आहेत आणि कादंबरी मराठी आहे. बाजारातल्या प्रसंगात तो ‘यञ्ञसिरि’ झाला की झाले. नागनिकेचेही तसेच. नाणेघाटात तिच्या प्रतिमेखालच्या अक्षरांत ‘नायनिका’ आहे, नाण्यावर ‘नागनिका’. दोन्ही तिचीच नावे, दोन्ही त्या काळचीच. माझ्या विद्यार्थ्याचे ‘नयनिका’ तेवढे खोडले, कारण त्यात नाग नाही, डोळे आले.

न आणि ण यांच्यावरून आमचा थोडा वाद झाला. त्याच्या कादंबरीतला नावाडी ‘पानी’ म्हणतो आणि संपादकांनी ते ‘पाणी’ केले होते. आमच्याकडे खेड्यात पानीच म्हणतात आणि शिकलेले लोक त्याला हसतात. पण नाणेघाटात सातकर्णीचे नाव ‘सातकनि’ असे नने कोरलेले आहे आणि इतरत्र ‘सातकणि’ असे णने. दोन हजार वर्षांपूर्वी राजाच्या नावातही हा घोळ चालत होता, तर नावाड्याला का रागावायचे? पानी राहिले.

यादी संपवायला आम्हाला दोन बैठका लागल्या. त्रेचाळिसांपैकी अकरा नावांना दोन दोन रूपे दिली, दरबारी आणि बाजारी. सगळी देवनागरीत लिहून, गिळायचे नाहीत ते अ खाली टिंब देऊन, त्याने पुण्याला पाठवली. वाचणाऱ्या बाईंनी जवळजवळ सगळे मान्य केले. एका ‘सिरि’ला त्यांची हरकत होती: फोनमधली ती मदतनीस बोलते आहे असे ऐकणाऱ्याला वाटेल म्हणे. हरकत अगदीच चुकीची नव्हती. शेवटी पहिल्या प्रकरणात ‘सिरि’च्या आधी दरबारातला भालदार एकदा ‘श्री’ म्हणतो आणि लगेच बाहेरची गर्दी ‘सिरि’ म्हणते, असे एक वाक्य त्याने वाढवले. त्यानंतर प्रश्न उरला नाही.

एकच नाव राहिले होते. कादंबरीत उत्तरमार्गावर एक चौकी आहे, जिथे वाट दुभंगते. एक वच्छोमकडे जाते, दुसरी पूर्वेच्या रानात. तिला त्याला जुने नाव हवे होते आणि वारंग्याचे एखादे भारदस्त संस्कृत मूळ मी शोधून द्यावे अशी त्याची अपेक्षा होती. “सर, वरांगपूर कसं वाटतं?” मी नको म्हटले. ताम्रपटात नाही, लेखात नाही, तर आपण संस्कृत पोशाख चढवायचा नाही. चौकीचे नाव वारंगाच ठेवले आहे. पुण्याला पाठवलेल्या कागदावर त्याच्यासमोर मी स्वतः लिहिले: पहिला वा दीर्घ, रं वर जोर नको, गा स्पष्ट.